दासबोधांतील रोगनामें आणि ऊतक-परीक्षा

(१) प्रास्ताविक

जांब हें श्रीसमर्थ रामदासस्वामींचें जन्मग्राम होय. हल्लीं तें जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत मोडतें. शके १५३० (इ. स. १६०८) च्या चैत्र शुद्ध नवमीस सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं समर्थांचा जन्म येथें झाला, हें सर्वश्रुत आहे. कांहीं वर्षांपूर्वीं रामनवमीच्या निमित्तानें आम्ही जांबास गेलों असतां दासबोधाचें वाचन चाललें होतें व तिसऱ्या दशकाचा सहावा समास लागला होता. या समासांत आध्यात्मिक तापाचें निरूपण असून देह, इंद्रियें व प्राण यांच्या योगें मनुष्यास जीं दुःखें भोगावीं लागतात त्यांची भली मोठी यादी समर्थांनीं दिली आहे. वाचन संपल्यावर वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या एका तरुण गृहस्थानें आम्हांस विचारलें कीं, हीं सारीं नांवें आजच्या कोणत्या रोगांचीं समजावयाचीं? आम्हीं तेव्हां कोशाच्या आधारें कांहीं उत्तरें दिलीं. परंतु घरीं परतल्यावर तीं उत्तरें आमचीं आम्हांसच पुरेशीं वाटेनात.

प्रश्न वरवर कोशाचा दिसला तरी तो वस्तुतः इतिहासाचा आहे. जुनीं पत्रें, बखरी, वैद्यांचीं बाडें व देवस्थानांचीं दप्तरें यांत रोगांचीं नांवें पदोपदीं येतात. त्यांचा अर्थ लावतांना संपादक बहुधा कंसांत एखादें आधुनिक नांव घालून मोकळे होतात, आणि पुढील लेखक तो कंस प्रमाण मानून त्यावर इमारत रचतात. अशा प्रकारें अमुक पेशवे अमुक जंतूनें वारले, अमुक राजास अमुक अर्बुद होतें, असे सिद्धांत रूढ झाले आहेत. रोगनिश्चय आज कशाच्या बळावर होतो व तसें बळ आपल्या कागदांस कितपत आहे, याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) यादीचें स्वरूप

सदर समासांत खरूज, नारू, देवी, गोवर, मूळव्याध, कुष्ठ, क्षयरोग अशीं पुष्कळ नांवें आलीं आहेत. समर्थांस निदानग्रंथ लिहावयाचा नव्हता. देहधारी मनुष्यास भोगाव्या लागणाऱ्या दुःखांची जाणीव करून देऊन विवेकाकडे वळविणें हें त्यांचें प्रयोजन. यामुळें नांवें लोकांच्या तोंडचीं आहेत व हीच त्या यादीची खरी किंमत आहे. सतराव्या शतकांतील मराठी मनुष्य आपल्या व्याधींस काय म्हणत असे, याचा इतका सलग पुरावा अन्यत्र सहसा सांपडत नाहीं.

हीं नांवें बारकाईनें पाहिलीं तर त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत रोगाचें चिन्ह उघड्या डोळ्यांस दिसतें. नारू हें त्याचें उत्तम उदाहरण. त्वचा फोडून दोऱ्यासारखा कृमि बाहेर येतो व तो काडीस गुंडाळून हळूहळू ओढून काढावा लागतो. दुसऱ्या कोणत्याही व्याधीशीं त्याचा घोटाळा होण्याचें कारण नाहीं. समर्थांचा नारू व आपल्या आजोबा-पणजोबांनीं पायऱ्यांच्या विहिरींच्या पाण्यापायीं भोगलेला नारू एकच. भारतांतून तो समूळ गेल्याचें इ. स. २००० मध्यें जाहीर झालें, त्यामुळें पुढील पिढीस हा शब्द केवळ ग्रंथांतच भेटेल. देवींची गोष्टही बरीचशी अशीच आहे.

दुसऱ्या वर्गांतील नांवें मात्र चिन्हावरून पडलेलीं असलीं तरी तें चिन्ह अनेक रोगांस समान असतें. क्षय म्हणजे झिजणें. ज्याचें शरीर झिजतें तो क्षयी. पण शरीर फुप्फुसांतील जंतूनें झिजतें, पोटांतील अर्बुदानें झिजतें व मधुमेहानेंही झिजतें. कुष्ठ, गुल्म, ग्रंथि, गंडमाळा, अर्बुद, उदर हीं सारीं नांवें याच जातीचीं आहेत. येथें डोळा व हात थकतात.

(३) शब्दांचें स्थलांतर

यांत आणखी एक अडचण अशी कीं, संस्कृत वैद्यकांतील शब्द मराठींत आल्यावर कित्येकदां त्याचा अर्थ पालटतो. सुश्रुतानें आठ महागद सांगितले आहेत, ते असे: वातव्याधि, प्रमेह, कुष्ठ, अर्श, भगंदर, अश्मरी, मूढगर्भ व उदर. मराठींत महारोग म्हटला कीं त्यांपैकीं एकटें कुष्ठच समजावयाचें. कोड शब्द कुष्ठापासूनच निघाला. परंतु मराठींत कोड म्हणजे अंगावरील पांढरे डाग, ज्यांत ना बधिरपणा, ना संसर्ग. रक्तपित्त हा संस्कृतांत नाक, तोंड इत्यादि मार्गांनीं रक्त पडण्याचा रोग. आणि मराठींतील रक्तपिती म्हणजे महारोग.

या शेवटच्या शब्दानें आम्हीं स्वतः एकदां ठोकर खाल्ली आहे व ती येथें नमूद करणें कर्तव्य समजतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका घराण्याच्या दप्तरांतील पत्राची नक्कल करतांना घरांतील एका स्त्रीस रक्तपिती भरल्याचा उल्लेख आम्हांस आढळला. संस्कृताचा अभिमान मोठा असल्यामुळें आम्हीं समासांत 'रक्तस्रावाचा विकार' अशी टीप बेधडक लिहून ती नक्कल घरच्या मंडळींच्या स्वाधीन केली. त्याच पत्रांत पुढें त्या बाईस गांवाबाहेर वेगळें खोपट बांधून द्यावें, तांब्या-ताट निराळें ठेवावें, असा मजकूर होता. रक्त पडणाऱ्या रोग्यास कोणी गांवाबाहेर घालीत नाहीं, एवढा साधा विचार आम्हांस त्या वेळीं सुचला नाहीं. चूक ध्यानीं आली तेव्हां आम्हीं त्या घरीं पत्र पाठवून टीप दुरुस्त करविली. पण त्या दुरुस्तीनेंही प्रश्न सुटत नाहीं. त्या बाईस खरोखर महारोग होता, कीं एखादा साधा चट्टा पाहून गांवानें तिला बाहेर काढलें? कागद याचें उत्तर देत नाहीं. आणि हा भेद लहान नव्हे. एका मनुष्याचें उभें आयुष्य त्यावर अवलंबून होतें.

(४) प्राचीनांची दृष्टि

रोग शरीराच्या कोणत्या थरांत बसतो हें पाहिलें पाहिजे, हा विचार आपल्या ग्रंथांत नाहीं असें मात्र नव्हे. सुश्रुताच्या शारीरस्थानांत त्वचेचे सात थर सांगितले आहेत: अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी व मांसधरा. प्रत्येकाची जाडी व्रीहि म्हणजे भाताच्या दाण्याच्या मापानें दिली असून सर्वांत वरची अवभासिनी दाण्याच्या अठराव्या हिश्श्याइतकी व सर्वांत खालची मांसधरा दोन दाण्यांइतकी म्हटली आहे. याहून महत्त्वाचें हें कीं, प्रत्येक थर कोणत्या रोगांचें अधिष्ठान आहे हेंही तेथें सांगितलें आहे. सिध्म वरच्या थरांत. किलास व कुष्ठ ताम्रेंत. ग्रंथि, अपची, अर्बुद, श्लीपद व गलगंड रोहिणींत. भगंदर, विद्रधि व अर्श मांसधरेंत. निदानस्थानांत तर किलास केवळ त्वचेपुरतें राहतें व स्रवत नाहीं, असें सांगून त्याचा कुष्ठापासून भेदही केला आहे.

हे थर त्यानें कसे पाहिले असतील याचीही वाट त्याच ग्रंथांत आहे. विषानें न मेलेल्या, दीर्घ रोगानें न ग्रासलेल्या व अतिवृद्ध नसलेल्या मनुष्याचें प्रेत मुंज, कुश इत्यादिकांनीं गुंडाळून पिंजऱ्यांत घालावें व संथ वाहत्या पाण्यांत आडबाजूस ठेवावें. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस, वेळू इत्यादिकांच्या कुंच्यानें हळूहळू घासावें व त्वचेपासून एकेक भाग डोळ्यांनीं पाहावा, असा तो विधि आहे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. यावरून प्राचीनांस सूक्ष्मदर्शक ठाऊक होता असें अनुमान कोणी काढूं नये. भाताच्या दाण्याचा अठरावा हिस्सा हा तीक्ष्ण डोळ्याचा पल्ला आहे, भिंगाचा नव्हे. शिवाय हें निरीक्षण निरोगी देहाचें होतें; रोग्याच्या देहांतील विकृत भाग काढून निरोगी भागाशीं ताडून पाहण्याची प्रथा पुढें वाढली नाहीं. योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन व महाराष्ट्रांत फार चाललेल्या ग्रंथांत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टि व आकृति अशी अष्टविध परीक्षा आहे. मूत्रावर तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो हें पाहण्याचा प्रकारही आहे. देहाचा कण काढून पाहणें मात्र त्यांत नाहीं. प्राचीनांस जेवढें श्रेय आहे तेवढें निःसंकोच द्यावें, व तेथेंच थांबावें.

(५) ऊतक-परीक्षेचा उदय

शरीर ज्या पेशींच्या जाळ्यांनीं विणलेलें आहे त्यांस हल्लींच्या शास्त्रांत ऊतक म्हणतात; इंग्रजींत यासच टिश्यू हा शब्द आहे. रोग्याच्या अंगांतील लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें म्हणजे ऊतक-परीक्षा. बोलण्यांत आपण 'तुकडा तपासावयास पाठविला' असें म्हणतों, तीच ही.

रोगाचें कारण देह उघडून शोधण्याची आपल्या किनाऱ्यावरील एक जुनी नोंद गोमंतकांतील आहे. इ. स. १५४३ मध्यें गोव्यांत मोडशीची भयंकर सांथ उठली, तेव्हां पोर्तुगीज गव्हर्नर मार्तिम आफोन्सु द सोझा यानें एक प्रेत फाडून पाहण्याची आज्ञा केली. गास्पर कोरैया या बखरकारानें ती हकीकत लिहून ठेविली आहे. आंतील सारे अवयव ठीक दिसले. फक्त कोठा आक्रसून सुरकुतलेला आढळला. मोडशी हा आपलाच शब्द पोर्तुगीजांनीं आपल्या धाटणीनें उचलला. नुसत्या डोळ्यांनीं याहून अधिक कांहीं दिसणें शक्य नव्हतें.

समर्थांच्या हयातींतच, १६६५ सालीं, इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें बुचाचा पातळ काप भिंगाखालीं पाहून त्यांतील कोठड्यांस 'सेल' हें नांव दिलें. पानिपतच्या सालीं, म्हणजे १७६१ मध्यें, इटलींत मोर्गान्यी या वृद्ध अध्यापकानें सुमारें सातशें प्रेतांच्या तपासणीवरून रोगांचीं स्थानें व कारणें सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वर्षीं पुण्यास नानासाहेब पेशवे वारले व त्यांच्या मृत्यूचें कारण आपल्या साधनांत मुख्यतः शोक असें येतें. पुढें १८५८ सालीं जर्मनींत फिर्खो यानें सर्व रोगांचें मूळ पेशींच्या विकृतींत पाहावें असा सिद्धांत मांडला, आणि ऊतक-परीक्षेस शास्त्राचें अधिष्ठान मिळालें.

त्याच १८५८ सालीं हेन्री व्हॅनडाइक कार्टर हा तरुण डॉक्टर मुंबईस आला. ग्रे याच्या प्रसिद्ध शारीरग्रंथांतील चित्रें याच्याच हातचीं. १८४५ सालीं सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यानें शारीर शिकविलें, व १८६३ पासून १८७२ पर्यंत तो सातारा येथें सिव्हिल सर्जन होता. ज्या साताऱ्याजवळील सज्जनगडावर समर्थांनीं देह ठेविला, त्याच परिसरांत दोन शतकांनंतर हा गृहस्थ सूक्ष्मदर्शक घेऊन बसला होता, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अनवाणी शेतांत राबणाऱ्यांच्या पायास गांठी येतात, त्या फुटून काळे किंवा पिवळट कण बाहेर पडतात व अखेर पाय कापावा लागतो, असा एक रोग त्यानें अभ्यासिला. कापलेल्या पायांचे छेद पाहून तो बुरशीमुळें होतो असें त्यानें प्रतिपादिलें व १८७४ सालीं त्यावर स्वहस्तें काढलेल्या चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. महारोगाच्या अभ्यासासाठीं तो नॉर्वेस गेला व तेथें चाललेलें हान्सेन याचें संशोधन त्यानें पाहिलें. हान्सेन यानें महारोग्यांच्या गांठींत काड्यांसारखे जंतु १८७३ सालीं पाहिले.

याच ग्रँट कॉलेजांतून १८५१ सालीं पदवी घेतलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे आपल्या वाचकांस शिलालेख व नाणीं यांचे संशोधक म्हणून परिचित आहेत. अजिंठ्याचे लेख वाचणारा हा पंडित महारोग्यांवर कडू कवठाच्या तेलाचे प्रयोग करीत असे. पुराणवस्तु व रोग या दोहोंकडे एकाच चिकित्सक बुद्धीनें पाहणारा पुरुष आपल्यांत होऊन गेला, हें विसरतां कामा नये.

या विद्येची महाराष्ट्रांत खरी प्रतिष्ठापना केली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांनीं. मुंबईच्या ग्रँट व सेठ गोरधनदास सुंदरदास या दोन्ही कॉलेजांत विकृतिशास्त्र शिकवून ते परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. हें रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. १९४५ सालीं त्यांनीं सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध करून लोकांच्या चालीरीतींमुळें होणारे कर्करोगाचे तीन प्रकार दाखविले: कमरेस घट्ट आवळलेल्या धोतराच्या जागीं होणारा, ओठांत खैनी ठेवणारांचा, व चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढणारांच्या टाळ्याचा. धोतराच्या गांठीखालचा काळवंडलेला चट्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलों. त्याचा कर्करोगाशीं संबंध ऊतकानें सिद्ध झाला. महारोगाच्या अगदीं आरंभींच्या चट्ट्यांतील ऊतकांचा त्यांचा अभ्यासही मान्यता पावला आहे.

(६) परीक्षेची रीत व तिचा निर्णय

काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनच्या पाण्यांत ठेवतात, त्यामुळें तो कुजत नाहीं. नंतर त्यांतील पाणी काढून तो पॅराफिन मेणांत बसवितात. मेणाच्या या ठोकळ्याचे यंत्रानें इतके पातळ काप घेतात कीं, एका मिलिमीटरचे हजार भाग केले असतां त्यांतील तीन ते पांच भागांएवढी त्यांची जाडी भरते. हे काप कांचेवर चिकटवून दोन रंगांत बुडवितात. त्यांपैकीं एक रंग एका झाडाच्या लाकडापासून निघतो व पेशींचीं केंद्रकें निळीं करतो. दुसरा बाकीचा भाग गुलाबी करतो. मग विकृतिशास्त्रज्ञ तो काप वाचतो. आम्ही 'वाचतो' हा शब्द जाणून वापरतों. जीर्ण पोथींतील अक्षराचें वळण, ओळींची मांडणी, मागाहून घातलेला मजकूर हें सारें ओळखून आपण पोथीचा काळ व लेखक ठरवितों. तद्वत् पेशींचें वळण, त्यांची मांडणी व आगंतुक पेशी यांवरून तो रोग ठरवितो. वाचणाराचा अभ्यास व रोग्याची हकीकत यांवाचून दोहोंतही चूक होऊं शकते.

या परीक्षेचा प्रत्यय आम्हांस स्वतःच्या देहावरच आला. सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षीं आमच्या मानेच्या उजव्या बाजूस बोराएवढी गांठ आली. वडील पिढीनें तिला सरळ गंडमाळा म्हटलें असतें. एका वैद्यमित्रांनीं अपची म्हटलें, व घरांतील मंडळींनीं तर मनांत कर्करोग धरून देव पाण्यांत घातले. डॉक्टरांनीं हातानें चांचपून स्पष्ट सांगितलें कीं, हातास हे प्रकार सारखेच लागतात. तुकडा पाहिल्याखेरीज बोलतां येणार नाहीं. आठ दिवसांनीं उत्तर आलें. मध्यें खव्यासारखा मृत झालेला भाग, भोंवतीं अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी. म्हणजे क्षयाची गांठ. सहा महिने औषध घेतलें व ती गेली. नांव एकच, स्पर्श एकच. पण एका निर्णयानें औषध मिळालें व दुसऱ्यानें कदाचित् निराळीच शस्त्रक्रिया झाली असती. त्या आठ दिवसांत आम्हांस त्या खोपटांतील बाईची पुष्कळदां आठवण झाली. चट्ट्याचा तुकडा पाहून कोड व महारोग यांचा निवाडा करणारें कोणी तिच्या काळीं असतें, तर तिचें काय झालें असतें?

(७) ऐतिहासिक पुरुष व त्यांचे रोग

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. इ. स. १६८० च्या एप्रिलच्या तिसऱ्या तारखेस रायगडावर श्रीशिवछत्रपतींचें देहावसान झालें. कारण काय? सभासद ज्वराची व्यथा सांगतो. मुंबईच्या इंग्रज वखारवाल्यांचें पत्र रक्तातिसार सांगतें. ग्रँट डफ गुडघ्यास वेदनायुक्त सूज येऊन पुढें तीव्र ज्वर झाल्याचें लिहितो. ज्वर, अतिसार व सांध्याची सूज हीं तिन्ही चिन्हें एकाच रोगांत असूं शकतात, किंवा तीन साक्षी तीन निरनिराळ्या ऐकीव गोष्टी सांगत असतील. यांतून एखाद्या आधुनिक रोगाचें नांव निश्चयानें काढणें म्हणजे फुटक्या ताम्रपटाचा गळालेला भाग स्वतःच्या मनानें भरण्यासारखें आहे.

थोरले माधवराव पेशवे थेऊर येथें १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं वारले. त्यांचा रोग राजयक्ष्मा, हें प्रसिद्ध आहे. परंतु चरकाचा राजयक्ष्मा साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन या चार कारणांनीं होणारा लक्षणसमूह आहे. कॉख यानें १८८२ सालीं दाखविलेल्या जंतूचा रोग हा त्यांतील एक मोठा भाग असेल, पण दोहोंची सीमा एक नाहीं. 'श्रीमंतांस क्षयाची व्यथा होती असें समकालीन मानीत' एवढें लिहिण्याचा आपणांस अधिकार आहे. 'आंतड्यांत अमुक जंतु होता' असें ठाम लिहिण्यास ऊतक पाहिजे, व तें थेऊरास मुळामुठेकांठीं भस्म झालें.

येथें आपल्या व इतर देशांच्या इतिहासांतील एक भेद लक्षांत येतो. मिसर देशांत प्रेतें जतन करीत; म्हणून रफर या विद्वानास १९१० सालीं विसाव्या राजवंशाच्या काळांतील सुकलेल्या मूत्रपिंडांचे काप घेऊन त्यांत सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या कृमींचीं अंडीं दाखवितां आलीं. आपण दहन करतों, त्यामुळें ऊतक उरत नाहीं. अपवाद पुरलेल्या देहांचा. नेवासें, इनामगांव येथील जोर्वे संस्कृतीच्या लोकांनीं मुलांचे अस्थि रांजणांत घालून घराच्या जमिनीखालीं पुरले. ते अस्थि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांनीं अभ्यासिले आहेत. राजस्थानांतील बालाथल येथें सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचा एक सांगाडा सांपडला. त्याच्या हाडांवरील झीज महारोगाची असल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें, व त्या कामांतही डेक्कन कॉलेजचा भाग आहे. यामुळें महारोग या देशांत किती जुना, याचा अस्थींचा पुरावा मिळाला. ग्रंथांतील कुष्ठ शब्दावरून एवढें सिद्ध झालें नसतें.

(८) मानमोडी

ऊतक व कागद यांचें परस्परांस कसें साहाय्य होतें याचें सर्वांत बोधक उदाहरण १९१८ च्या सांथीचें आहे. महाराष्ट्रांत तिला लोकांनीं मानमोडी म्हटलें. हिंदुस्थानांत तिनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. मानमोडी या शब्दांतून रोग्याची यातना कळते, कारण कळत नाहीं. त्या काळीं डॉक्टरांसही तें ठाऊक नव्हतें, व कित्येक तज्ज्ञ तिचें खापर एका जंतूवर फोडीत होते.

१९१८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील एका छावणींत एक शिपाई या रोगानें वारला. त्याच्या फुप्फुसाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्यें घालून, मेणांत बसवून, लष्करी संग्रहांत ठेवून दिला होता. एकुणऐंशी वर्षांनीं, १९९७ सालीं, टॉबेनबर्गर व त्यांचे सहकारी यांनीं त्या ठोकळ्यांतून त्या विषाणूचे अंश काढले. पुढें अलास्कांतील बर्फांत पुरलेल्या एका देहाच्या फुप्फुसाचीही मदत झाली, आणि २००५ पर्यंत त्या विषाणूची संपूर्ण रचना उलगडली. म्हणजे आपल्या वृद्धांच्या तोंडीं असलेल्या मानमोडीचें खरें स्वरूप जगास सुमारें आठ दशकांनंतर कळूं लागलें, तें कोणा अनाम कारकुनानें क्रमांक घालून कपाटांत ठेविलेल्या एका मेणाच्या तुकड्यामुळें. आपण ज्यास दप्तर म्हणतों तेंच हें. कागदाचें दप्तर जाळल्यानें होणारी हानि व ऊतकाचे जुने ठोकळे फेंकून दिल्यानें होणारी हानि एकाच जातीची आहे.

(९) उपसंहार

वरील विवेचनावरून संग्राहक व संपादक यांस आमची नम्र सूचना अशी. पहिली, मूळांतील रोगनाम जसें असेल तसेंच छापावें; आधुनिक नांव द्यावयाचें झालें तर तें तर्क म्हणून टीपेंत द्यावें, कंसांत मूळाशेजारीं घालूं नये. दुसरी, नांवापेक्षां लक्षणें अधिक मोलाचीं समजावीं. किती दिवस ज्वर, कोणत्या बाजूस सूज, काय औषध दिलें, कोण जवळ होतें, रोग्यास वेगळें ठेविलें कीं काय, हा मजकूर नक्कल करतांना कंटाळून गाळण्याची चाल आहे, ती सोडावी. आमची चूक अशाच मजकुराकडे दुर्लक्ष केल्यानें झाली होती. तिसरी, शब्द संस्कृत दिसला तरी त्या काळचा व त्या प्रांताचा मराठी अर्थ आधीं पाहावा. चौथी, वैद्यांचीं बाडें काढ्यांचीं टिपणें म्हणून रद्दींत घालूं नयेत. ज्यांच्या देहाचें कांहींच उरलें नाहीं त्यांच्या रोगाची तेवढीच साक्ष उरली आहे. पांचवी, जुन्या रुग्णालयांतील विकृतिसंग्रह, ठोकळे व त्यांच्या नोंदवह्या यांचीही ऐतिहासिक साधनांत गणना व्हावी.

जांबास त्या तरुण गृहस्थानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आज आम्ही असें देऊं: नारू तो नारूच व गोवर बहुधा गोवरच, पण कुष्ठ व क्षय या शब्दांखालीं समर्थकालीन किती निरनिराळे रोग झांकले गेले होते हें आतां कोणास सांगतां येणार नाहीं, व तें सांगतां येत नाहीं असें म्हणणें हेंच तेथें योग्य उत्तर आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं रोगनामांच्या याद्या किंवा वैद्यांचीं टिपणें असतील, त्यांनीं तीं मूळ लक्षणांसह प्रसिद्ध करावीं, म्हणजे या विषयांत पुढील अभ्यासकांस पाऊल टाकतां येईल.